जुन्या एमआयडीसीतलं बिनबोर्डाचं गॅरेज, सातारा: गाडीखालचा आवाज शोधायचा असेल तर इथं जा

आधीच सांगतो, डेंटिंग-पेंटिंग, एसी, सेन्सर, स्कॅनर असलं काम असेल तर इथं जाऊ नका, मालक चाचा स्वतःच हात जोडून परत पाठवतात. पण गाडी जुनी आहे, भरपूर पळालेली आहे, ड्राइव्ह मागच्या चाकांना आहे आणि खालून कुठून तरी आवाज येतोय पण नक्की कुठून ते कुणाच्या बापाला सांगता येत नाहीये, असं असेल तर साताऱ्यात माझ्या माहितीत याच्यापेक्षा चांगली जागा नाही. जुन्या एमआयडीसीत वजनकाट्याच्या मागची गल्ली, बोर्ड नाही, मॅपवर नाही, पत्र्याच्या शेडबाहेर एक गिअरबॉक्स कायम पोट फाडून ठेवलेला असतो तीच खूण. मालकाला सगळे चाचा म्हणतात.

आमची गाडी २००३ ची, आठ सीटर डिझेल, ३ लाख ६० हजाराच्या वर पळालेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहित नाही, लिहिलं की लोक गाडीवर बोलायला लागतात आणि आवाज राहतो बाजूला. तसंही सुमो घ्या, क्वालिस घ्या, बोलेरो, तवेरा, खालून मांडणी सगळ्यांची एकाच जातीची. इंजिन पुढं, त्याच्या मागं क्लच आणि गिअरबॉक्स, तिथून मागं जाणारा प्रोपेलर शाफ्ट (इंजिनचा जोर मागं नेणारा लांब दांडा), शाफ्टच्या टोकांना क्रॉस (दांडा तिरका असला तरी फिरू देणारा सांधा), शाफ्ट दोन तुकड्यात असला तर मधे सेंटर बेअरिंग, आणि शेवटी डिफरन्शियल (शाफ्टची फेरी चाकांकडं वळवणारी पेटी), ज्याच्यात क्राउन-पिनियन हे दातेरी चाकांचं जोडपं असतं आणि तिथून दोन्ही चाकांना एक्सल. आवाज यातल्या कुठल्याही जागेतून येऊ शकतो, आणि सगळं लोखंड एकमेकांना जोडलेलं असल्यामुळं पुढचा आवाज मागून आल्यासारखा आणि मागचा सीटखालून आल्यासारखा वाटतो, सगळी गोची तिथंच आहे.

आमच्या गाडीला आवाज एक नव्हता, तीन होते. पहिला म्हणजे ५० पर्यंत गाडी एकदम शांत, ५५ ला पोचली की खालून घूंऽऽ चालू, ६०-६५ ला एवढा की मधल्या सीटवर बसलेल्याचे पाय थरथरायचे, आणि ८० च्या जवळ गेलं की जवळजवळ गायब. दुसरा, गल्लीतून हळू चालवताना काच खाली असली की कुईक कुईक कुईक, अगदी तालात. तिसरा, रिव्हर्समधून पहिला टाकून क्लच सोडला की मागून टक्क. वडील म्हणायचे गाडी बोलायला लागली की दुखणं लवकर कळतं, पण ही तीन तीन भाषेत बोलत होती.

चाचाकडं जायच्या आधी जे जे झालं ते थोडक्यात सांगतो, कारण बहुतेकांचं असंच होतं. टायरवाला म्हणाला टायर एकाबाजूनं झिजलेत, टायरचाच आवाज आहे. अलाइनमेंट बॅलन्सिंग करून घेतलं, टायर मागचे पुढं केले, फरक शून्य. दुसरा म्हणाला व्हील बेअरिंग. मग एका बऱ्यापैकी मोठ्या गॅरेजात गेलो, तिथं गाडी लिफ्टवर घेतली, मागचं चाक हातानं पुढंमागं हलवलं, टक्क आवाज आला आणि निकाल जाहीर, डिफरन्शियल गेलं, क्राउन-पिनियनचा सेट, बेअरिंगं, सील, मजुरी धरून ३० हजाराच्या आसपास. गाडी रस्त्यावर काढून एक चक्कर मारायची तसदी कुणी घेतली नाही. गाडीची किंमत ती किती राहिलीय आणि त्यात ३० हजार घालायचे म्हणजे घरात दोन तट पडले, एक तट विकून टाका म्हणणारा.

चाचाकडं नेली तर त्यांनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. स्टुलावर बसून दोनच प्रश्न विचारले, "आवाज कधीपासनं हाय, आणि त्याच्या आदी गाडीचं काय काम केलंतं?" मी म्हटलं क्लच प्लेट बदलली होती दुसरीकडं, त्याच्यानंतर थोड्याच दिवसांनी चालू झालं. "हं" म्हणाले, पुढं काही बोललेच नाहीत, ट्रायलला चला म्हणाले.

ट्रायलच्या आधी गाडी रिकामी करायला लावली. जॅक, पाना, पाण्याच्या बाटल्या, मागं पडलेली दोरी, सीटखालचा नारळ (कधीचा होता देव जाणे), सगळं बाहेर. एसी बंद, टेप बंद, काचा खाली. चालवायला मलाच बसवलं आणि स्वतः मागच्या बाजूला मॅट उचलून पत्र्यावर मांडी घालून बसले, एक हात फ्लोअरवर. म्हणाले, "दादा मी सांगीन तेवढंच करायचं, आन् मधे बोलायचं न्हाई."

आता यातलं काय काय केलं ते जरा सविस्तर लिहितो, कारण हे कुणालाही स्वतः करून बघता येतं आणि मिस्त्रीकडं जायच्या आधी केलं तर निदान कुणी टोपी घालू शकत नाही.

पहिलं, गाडी उभी, इंजिन चालू, न्यूट्रल, आणि क्लच दाबायचा सोडायचा. क्लच दाबल्यावर आवाज चालू झाला तर रिलीज बेअरिंगवर संशय, दाबल्यावर बंद झाला आणि सोडल्यावर परत आला तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. आमच्याकडं दोन्ही वेळेला काहीच नाही.

मग वाढे फाट्यावरनं हायवेला लागून लिंब फाट्याच्या दिशेनं. ६० चा स्पीड धरून आधी तिसरा, मग चौथा, मग पाचवा. इंजिनचा आवाज प्रत्येक वेळी बदलला, घूंऽऽ मात्र तिन्ही गिअरला त्याच सुरात. म्हणजे हा आवाज इंजिनच्या फेऱ्यांना बांधलेला नाही, गाडीच्या स्पीडला बांधलेला आहे. त्यात चौथ्याची एक गंमत आहे, या गाड्यांना चौथा गिअर डायरेक्ट असतो, इंजिनचा जोर गिअरबॉक्सच्या खालच्या गिअरांवर न जाता सरळ आरपार मागं जातो, त्यामुळं बाकीच्या गिअरला आवाज आणि चौथ्याला शांत असं झालं की गिअरबॉक्सकडं बघायचं. आमचा चौथ्यालाही तसाच. मग मागंपुढं कोण नाही बघून ६० ला न्यूट्रल करायला लावलं (मोकळ्या सरळ रस्त्यावर, घाटात असले धंदे करू नका), इंजिन आयडलला बसलं आणि घूंऽऽ तसाच चालू. इंजिन आणि क्लच दोघंही सुटले.

पुढची परीक्षा ज्याच्यावर ३० हजार अवलंबून होते ती. त्याच स्पीडला ॲक्सिलरेटर द्यायचा, सोडायचा, मग नुसता स्पीड टिकेल एवढाच धरायचा. क्राउन-पिनियनचे दात जोर देताना एका बाजूनं घासतात आणि सोडल्यावर दुसऱ्या बाजूनं, त्यामुळं दात झिजले असले तर बहुतेक वेळा देताना एक आवाज आणि सोडताना वेगळा, किंवा एकात कुंईऽऽ आणि एकात शांत असं काहीतरी होतं. आमचा दोन्हीकडं जवळपास सारखाच. मला त्यावेळी एवढं कळलं नव्हतं पण आरशात चाचांचं तोंड जरा खुललेलं दिसलं.

मग गाडी थोडी डावीकडं थोडी उजवीकडं झुलवायला लावली. उजवीकडं वळवली की वजन डाव्या चाकांवर येतं, डावीकडं वळवली की उजव्या, व्हील बेअरिंग गेलं असेल तर एका बाजूला आवाज वाढतो आणि दुसऱ्या बाजूला कमी होतो. काही फरक नाही. येताना सर्व्हिस रोडच्या खरबरीत डांबरावरनं आणलं, टायरचा आवाज असता तर रस्त्यासोबत बदलला असता, तोपण बदलला नाही. एवढ्या एका चकरेत टायरवाला, बेअरिंगवाला आणि लिफ्टवाला तिघंही खोटे पडले आणि अजून एकही पाना फिरलेला नव्हता.

येताना पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमधून (चौकाखालचा भुयारी रस्ता) हळू काढायला लावली. हे मला फार आवडलं. त्या भुयारात काचा खाली करून गेलं की गाडीचा प्रत्येक आवाज भिंतीवर आपटून कानात परत येतो, आणि बाहेर ट्रॅफिकमधे जो कुईक अर्धवट ऐकू येत होता तो तिथं स्पष्ट झाला. २०२१ ला सुरू झाल्यापासून त्या ग्रेड सेपरेटरबद्दल साताऱ्यात बरंच काही बोललं गेलंय, पण गाडी तपासायला इतका उपयोगी पडतो हे मी कुणाकडून ऐकलं नव्हतं. मागून एक रिक्षावाला हॉर्न मारून मारून दमला ते सोडा.

गॅरेजच्या गल्लीत आल्यावर मागच्या टायरला खडूची रेघ मारली, हाताखालच्या पोराला चालवायला बसवलं, पहिल्या गिअरमधे मुंगीच्या पावलानं, आणि चाचा चाकाच्या बाजूनं चालत मोजायला लागले. रेघ एकदा खाली येऊन परत खाली येईपर्यंत कुईक चार वेळा, कधी चारच्या जरा वर. ब्रेक घासत असता किंवा चाकाचं बेअरिंग असतं तर एका फेरीला एकदा आलं असतं. चार म्हणजे जी वस्तू चाकाच्या चौपट फिरते ती, आणि अशी वस्तू तिथं एकच, प्रोपेलर शाफ्ट, कारण डिफरन्शियलमधे साधारण चारला एक असा रेशो असतो. रुपया दोन रुपयाचा खडू आणि चालायला दहा पावलं रस्ता, बास.

मग गाडी खड्ड्यावर घेतली आणि मलापण खाली बोलावलं. चाचा कुठलाही पार्ट गिऱ्हाइकाला दाखवल्याशिवाय बदलत नाहीत, हा मोठा प्लस पॉइंट लिहून ठेवा. मागच्या क्रॉसच्या कपांच्या कडेनं तांबूस पावडर उडालेली होती, आतलं ग्रीस संपलं की सुयांची बेअरिंगं गंजून घासतात त्याची ती भुकटी, कुईक तिथला. सेंटर बेअरिंगचं रबर अर्ध्यापेक्षा जास्त फाटलेलं, शाफ्ट हातानं वर केला तर सरळ वर जायचा. पण मुख्य गोष्ट पुढं होती. मागच्या शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस धरणारे दोन दोन कान असतात, योक म्हणतात त्याला. टॉर्च मारून म्हणाले, "ह्ये कान बगा आणि त्ये कान बगा." पुढचे कान आडवे होते आणि मागचे उभे. पट्टी लावायचीसुद्धा गरज नव्हती, एकदा दाखवल्यावर माझ्यासारख्यालापण दिसत होतं.

झालं असं होतं की क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवायचा तर शाफ्ट सोडवायला लागतो, आणि सोडवताना मधला स्प्लाइनचा (लांब खाचांच्या दातांचा) स्लीव्ह निसटून शाफ्टचे दोन भाग वेगळे झाले, बसवताना ज्यानं बसवलं त्यानं खूण न बघता जसा सरकला तसा सरकवला, आणि स्प्लाइनला काय, ती कुठल्याही दातात बसते. आता कुणी म्हणेल पाव फेरी फिरला तर काय बिघडलं, गोल तर गोलच फिरणार. तसं नाहीये. गिअरबॉक्स वर आणि डिफरन्शियल खाली, त्यामुळं शाफ्ट तिरका असतो, आणि तिरक्या क्रॉसमधून बाहेर पडणारी फेरी एकसारखी नसते, एका फेरीत दोनदा किंचित फास्ट होते आणि दोनदा किंचित स्लो. एका टोकाच्या क्रॉसनं केलेला हा घोळ दुसऱ्या टोकाचा क्रॉस बरोब्बर उलटा करून निस्तरतो, पण त्याला अट एकच, दोन्हीकडचे कान एका रेषेत पाहिजेत. पाव फेरी चुकली की निस्तरायचं राहिलं बाजूला, दोन्हींचा घोळ एकावर एक चढतो.

घरी येऊन मी हिशोब करून बघितला. ६० चा स्पीड म्हणजे मिनिटाला बरोबर १००० मीटर. आमच्या टायरचा घेर दोन मीटरच्या आसपास, म्हणजे चाक मिनिटाला ५०० फेऱ्या, शाफ्ट चौपट म्हणजे २०००, सेकंदाला ३३. एका फेरीत झटका दोनदा, म्हणजे सेकंदाला ६६ झटके. एवढे झटके वेगळे ऐकू येतच नाहीत, त्यांचा एक जाड घूंऽऽ होतो, आणि त्या स्पीडला फ्लोअरचा पत्रापण त्याच सुरात थरथरत असणार म्हणून तिथंच जास्त, पुढं गेलं की कमी. चाचांना हे आकडे सांगितले तर म्हणाले, "आमाला कान दिसले, बास झालं."

डिफरन्शियलची खात्री करूनच घ्या असं मीच म्हटलं, कारण ३० हजाराचा भुंगा डोक्यात होता. खालचं बूच खोललं, बुचाला लोहचुंबक असतं त्याच्यावर काळा चिखल होता पण चमकी, तुकडे काही नाही. तेल काढून नवं ९० नंबर गिअर ऑइल भरलं. तिथं पोरगा त्याच डब्यातलं तेल गिअरबॉक्समधे टाकायला निघाला होता त्याला चाचांनी अशी काही हाक मारली की गल्ली हादरली. डिफरन्शियलचं जीएल-५ तेल असतं (जीएल म्हणजे गिअर ऑइलचा दर्जा), त्यातली केमिकलं काही गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या) चालत नाहीत, आमच्या गिअरबॉक्सला जीएल-४ लागतं. किती गॅरेजात हे बघितलं जातं मला शंका आहे.

बदललं काय तर दोन क्रॉस आणि एक सेंटर बेअरिंग. क्रॉस ग्रीस निपलवाले टाकले, म्हणजे दर ऑइल चेंजला ग्रीस गन मारता येते. कप हातोड्यानं ठोकले नाहीत, व्हाइसमधे धरून दाबून बसवले, वाकडे बसले की आतली एखादी सुई आडवी पडते आणि नवा क्रॉस महिन्यात जातो म्हणे. शाफ्ट ब्रशनं घासल्यावर मातीखाली कंपनीची बाणाची खूण सापडली, ती जुळवून बसवला आणि वरून पांढऱ्या पेंटची रेघ मारून दिली, पुढच्या कुणी खोलला तर कळावं म्हणून. शाफ्ट बॅलन्सिंगला कोल्हापूरला पाठवायचा का विचारलं तर म्हणाले आधी चालवून बघा, उगाच पैसे घालू नका. नाही लागलं.

रिझल्ट. घूंऽऽ पूर्ण गेला, पूर्ण म्हणजे पूर्ण. यवतेश्वरच्या घाटात चढताना दुसऱ्या तिसऱ्यावर जोर देऊन बघितली, उतरताना इंजिन ब्रेकवर सोडून बघितली, साफ. कुईक गेला. टक्क मात्र थोडा राहिलाय, आणि ते चाचांनी आधीच सांगितलं होतं, एवढ्या पळालेल्या गाडीच्या क्राउन-पिनियनमधे, एक्सलच्या स्प्लाइनमधे सगळीकडं थोडी थोडी ढिलाई असते, ती मिळून टक्क करते, आणि लिफ्टवर चाक हलवून जो आवाज काढून मला घाबरवलं तो हाच. ८० ला ॲक्सिलरेटर सोडल्यावर अगदी बारीक कुंईऽ येतं, तेही आहे. त्याला हात लावू नका म्हणाले, वाढलं तर या.

पैसे. क्रॉस दोन मिळून १४००, सेंटर बेअरिंग १८००, डिफरन्शियलचं आणि गिअरबॉक्सचं तेल ९००, मजुरी २०००, आणि ट्रायल घेऊन फॉल्ट शोधायचे ४०० वेगळे. एकूण ६५००. ते ४०० बघून माझ्या सोबतचा मित्र कुरकुरला की नुसतं गाडीत बसायचे पैसे घेतात. मला विचाराल तर सगळ्या बिलात तेच ४०० सगळ्यात स्वस्त होते. दुसरीकडं शोधायचे पैसे घेत नाहीत हे खरं, पण मग ते पार्ट विकूनच काढतात, आवाज गेला तर गेला, नाही गेला तर पुढचा पार्ट. काम दुसरीकडं करायचं असेल तरी चाचा ४०० घेऊन सांगून सोडतात, त्याबद्दल तोंड वाकडं करत नाहीत.

आता तक्रारी, त्या पण आहेत. फोन उचलत नाहीत, उचलला तर "या की" एवढंच. सेंटर बेअरिंग पुण्याहून पार्सलनं यायचं होतं ते उशिरा आलं, त्यामुळं गाडी सांगितल्यापेक्षा बरीच उशिरा मिळाली आणि उशीर होणार हे आम्ही विचारल्यावर कळालं, स्वतःहून कळवलं नाही. बसायला जागा नाही, बायकामुलांना घेऊन जायची जागा तर अजिबात नाही. स्टीअरिंगला आणि ड्रायव्हर सीटला ग्रीसचे हात लागलेले होते, सीट कव्हर घरून टाकून न्या. बिल वहीच्या पानावर, पक्कं पाहिजे असेल तर आधी बोलून घ्या. पार्ट आपण आणला तर लावतात पण लोकल माल असेल तर सरळ परत देतात, यावरून माझ्यासमोर एका टेम्पोवाल्याशी चांगलंच वाजलं. आणि पुढच्या चाकांच्या ड्राइव्हची गाडी असेल, स्विफ्ट, इंडिका वगैरे, तर तिथं शाफ्ट आणि जॉइंटची मांडणी वेगळी, त्या चाचा घेतात पण मन लावून नाही असं मला वाटलं.

पाचपैकी चार. एक फोनसाठी कापला.

गुरुवारी बंद असतं. सकाळी दहाच्या आत गेलात तर ट्रायलला स्वतः येतात, नंतर पोराला पाठवतात आणि पोरगा अजून शिकतोय. यूपीआय चालतं. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून नेऊ नका, ते ऐकतच नाहीत, गाडीच घेऊन जा आणि टाकीत डिझेल असू द्या, लिंब फाट्यापर्यंत नेतात.